‘कुणाला टाकलंस?’ असं घरचेच विचारतात तेव्हा: पहिल्यांदा मत देणाऱ्यांसाठी

मत देऊन घरी आलं, चप्पल काढली, की पहिला प्रश्न हाच. पेटीत कागद टाकायचे दिवस जाऊन वर्षं झाली, आता आपण बटण दाबतो, पण विचारणारा अजूनही ‘कुणाला टाकलंस’ असंच विचारतो. विचारणारा परका असता तर नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण विचारते ती आत्या, नाहीतर मामा, नाहीतर ज्यांच्या दुकानातून महिनाभर किराणा उधारीवर येतो ते काका. नुकती अठरा पूर्ण झालेली मुलं, लग्न होऊन सासरच्या यादीत नाव लागलेल्या मुली, नोकरीसाठी नव्या शहरात आलेली माणसं, यांची सगळ्यात जास्त पंचाईत होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. निवडणूक लागली की आमची ड्युटी लागतेच. केंद्रावरची सगळी टेबलं करून झाली आहेत: यादीचं, शाईचं, कंट्रोल युनिटचं. त्यामुळं आत काय घडतं आणि बाहेर काय बोललं जातं, दोन्ही जवळून पाहिलंय. त्यातून जे उमगलं ते क्रमानं सांगते.

पहिली पायरी: कुणाला काय कळू शकतं ते समजून घ्या

‘आम्हाला सगळं कळतं हं, कुणी कुठं दाबलं ते,’ असं एखादा कार्यकर्ता हसत हसत म्हणतो आणि नवा मतदार मनातून घाबरतो. म्हणून आधी हे बघा.

केंद्रात गेल्यावर पहिला अधिकारी यादीत तुमचं नाव शोधतो आणि मोठ्यानं वाचतो, कारण तिथं बसलेल्या पोलिंग एजंटांना, म्हणजे उमेदवारांच्या माणसांना, ते ऐकू जायला हवं. एजंट आपापल्या यादीवर तुमच्या नावापुढं टिक करतात. पुढच्या टेबलावर डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लागते, नमुना १७-अ च्या नोंदवहीत तुमचा यादीतला क्रमांक लिहिला जातो आणि तुम्ही सही किंवा अंगठा करता. मग कंट्रोल युनिटवरचं बटण दाबून आडोशामागचं यंत्र एका मतापुरतं सुरू केलं जातं. तुम्ही बटण दाबता, लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅट या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेमागं एक चिठ्ठी ७ सेकंद दिसते, तुटून खाली पेटीत पडते आणि लांब बीप वाजतो. त्या चिठ्ठीवर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. तुमचं नाव नसतं, यादीतला क्रमांकही नसतो. नोंदवहीत नाव आहे पण मत नाही, यंत्रात मत आहे पण नाव नाही.

म्हणजे तुम्ही मतदानाला गेलात की नाही, हे गावाला कळतं. कुणाला मत दिलं, हे तुम्ही सांगितल्याशिवाय कुणालाही कळत नाही. केंद्राध्यक्षालाही नाही, कलेक्टरांनाही नाही.

एक गोष्ट मात्र लपवून ठेवणार नाही. मोजणी यंत्रागणिक होते, म्हणून कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते आकडे जाहीर होतात. छोट्या गावात एका केंद्रावर दोन-तीन वाड्याच असतात. मग ‘खालच्या आळीनं दगा दिला’ अशी चर्चा दुसऱ्याच दिवशी चावडीवर सुरू होते. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा निरनिराळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळायची सोय नियमांत होती. यंत्रांसाठीही तसंच व्हावं म्हणून ‘टोटलायझर’ नावाचं उपकरण वापरायचा प्रस्ताव निवडणूक आयोगानं २००८ साली मांडला होता. विधी आयोगानं २०१५ च्या २५५व्या अहवालात तो उचलून धरला. पण ते उपकरण काही आलं नाही. मला हे फार लागतं. वस्तीवरच्या दीडशे घरांना निकालानंतर जे ऐकून घ्यावं लागतं, ते या एका गोष्टीनं टळलं असतं. तरीही वाडीचा आकडा कळणं वेगळं आणि तुमचं बोट कुठल्या बटणावर टेकलं ते कळणं वेगळं. दुसरं कळायला फक्त तुमचं तोंड हाच रस्ता आहे.

दुसरी पायरी: कायदा कुठं उभा आहे

थोडक्यात सांगते, पण हे पाठ असू द्या. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम ९४ प्रमाणे, आपण कुणाला मत दिलं हे सांगायला कुणावरही सक्ती करता येत नाही. न्यायालयात साक्षीला उभ्या असलेल्या माणसावरसुद्धा नाही. जिथं न्यायाधीशही विचारू शकत नाहीत, तिथं भावकीतल्या कुणाला तो हक्क कुठून येणार? (राज्यसभेच्या निवडणुकीत आमदारांना आपली मतपत्रिका पक्षाच्या एजंटाला दाखवावी लागते, २००३ पासून तसा नियम आहे. तो आमदारांसाठी, आपल्यासाठी नाही.) आणि केंद्रावर काम करणाऱ्या माझ्यासारख्यांनी किंवा तिथं बसलेल्या एजंटांनी गुप्ततेचा भंग केला तर कलम १२८ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

‘नोटा’चं बटण आलं तेही याच कारणानं. पूर्वी कुणालाच मत द्यायचं नसेल तर ते केंद्राध्यक्षाला सांगावं लागे आणि नोंदवहीत तसा शेरा पडे. म्हणजे सगळ्या खोलीला कळे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नकार देणाऱ्यालाही तो गुप्त ठेवायचा हक्क आहे, आणि मग यंत्रावर ते बटण आलं.

तिसरी पायरी: मतदानाआधी शब्द देऊ नका

‘कुणाला टाकलंस’ची अडचण खरं तर आठवडाभर आधी सुरू होते, ‘आपलं ठरलंय ना?’ या प्रश्नापासून. तुम्ही भिडेखातर ‘हो हो’ म्हणता. मग मतदानानंतर समोरचा फक्त शब्द पाळला का ते विचारतो, आणि तुम्हाला सुटायला जागा राहत नाही. म्हणून प्रचाराला आलेल्यांशी नीट बोला, पत्रक घ्या, पाणी विचारा आणि एवढंच म्हणा, ‘मतदानाला नक्की जाणार.’ हे वाक्य खरं असतं आणि कुणालाही टोचत नाही.

आपल्याकडं अजून एक प्रकार चालतो. बेल-भंडारा उचलायला लावणं, देवाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावणं. ग्रामपंचायतीला तर हमखास. ज्याच्या घरात खंडोबा पुजला जातो त्याला ही शपथ किती जड असते ते मला माहीत आहे, म्हणून ‘शपथेला काय भ्यायचं’ असं मी म्हणणार नाही. पण लोकसभा-विधानसभेला मतासाठी दैवी कोपाची भीती घालणं हा त्याच १९५१ च्या अधिनियमाच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरतो, आणि जातीतून किंवा समाजातून बाहेर काढायची धमकी देणंही त्याच कलमात येतं. अशी बैठक बसणार असल्याचं कानावर आलं तर त्या दिवशी पाहुण्यांकडं जा, आजारी पडा, काहीही करा. तिथं बसून नाही म्हणण्यापेक्षा तिथं न जाणं सोपं आहे.

चौथी पायरी: मतदानाच्या दिवशी

मोबाइल आत नेऊ नका. आयोगानं २०२५ मध्ये केंद्राबाहेर तो जमा करायची सोय करायचे आदेश दिले आहेत, तरी घरी ठेवून गेलात तर उत्तम. कारण ‘फोटो काढून आण’ असं सांगणाऱ्याला ‘मोबाइल घरीच होता’ हे उत्तर पुरतं. आडोशामागं फोटो काढणं, व्हिडिओ काढणं हा गुन्हा आहे आणि त्यावरून गुन्हे दाखलही झाले आहेत. फोटो काढायचाच असेल तर बाहेर येऊन शाईच्या बोटाचा काढा.

आडोशामागं एकट्यानं जा. नवरा, सासरे, मुलगा, कुणीही सोबत येऊ शकत नाही. दिसत नसेल किंवा शरीराच्या व्यंगामुळं बटण दाबता येत नसेल तरच सोबती नेता येतो. तो अठरा वर्षांवरचा लागतो, मत गुप्त ठेवीन असं त्याला लिहून द्यावं लागतं, आणि एका दिवसात तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. लिहिता-वाचता येत नाही, वय झालं, एवढ्यावर सोबती मिळत नाही. चिन्हं त्यासाठीच तर असतात.

एक प्रसंग सांगते. नऊवारीतली एक आजी मुलाचा हात धरून आली. सही केली, शाई लावून घेतली. मुलगा तिच्यासोबत आडोशाकडं निघाला तसं केंद्राध्यक्षांनी त्याला थांबवलं. तो म्हणाला, ‘तिला समजत नाही हो.’ आजीनं मागं वळून बघितलं, त्याच्या हातातून आपला हात सोडवला आणि म्हणाली, ‘मला समजतंय. तू थांब तिथं.’ आत गेली. बीप वाजायला वेळ लागला, खोलीत सगळे गप्प. बाहेर आली ती डोक्यावरचा पदर सावरत, कुणाकडंही न बघता सरळ दाराबाहेर. मुलगा मागून विचारत होता, ‘आई, कुठलं दाबलंस?’ तिनं उत्तर दिलं नाही. त्या आजीकडून मी जे शिकले ते कुठल्या प्रशिक्षणात शिकले नव्हते.

आता लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असणाऱ्यांना घरून मत देता येतं. त्यासाठी १२-ड नमुना आधी भरून द्यावा लागतो. पथक घरी येतं तेव्हा नातवंडं, सुना सगळी भोवती जमतात. घरातल्यांनो, त्या दहा मिनिटांसाठी अंगणात जाऊन बसा. पथकानं बाहेर व्हा म्हणून सांगायची वाट बघू नका.

पाचवी पायरी: सगळ्यांना एकच उत्तर

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं हे आहे, म्हणून सविस्तर सांगते.

आमच्या शाळेत एक नवी शिक्षिका आली होती. लग्नानंतरची पहिलीच निवडणूक, पंचायत समितीची. रात्री सगळे एकत्र जेवायला बसले. सासऱ्यांनी पंगतीतच विचारायला सुरुवात केली. दिरानं सांगितलं, मोठ्या जाऊबाईंनी सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं. हिची पाळी आली तेव्हा ही आमटी वाढत होती. ‘मी नाही सांगत,’ म्हणाली. पळी तशीच हातात. सासरे काही बोलले नाहीत, पण घरात ठरून गेलं: हिचं मत तिकडं गेलं. पुढं सासऱ्यांचा उमेदवार पडला, आणि दोन महिने सासूबाई तिच्याशी कामापुरतं बोलत होत्या.

तिनं मत कुणाला दिलं होतं ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. पण तिचं चुकलं कुठं ते दोघींनी बसून शोधलं. चूक न सांगण्यात नव्हती. बाकी सगळ्यांनी सांगितल्यावर एकटीनं गप्प राहणं, हेच त्या घरात उत्तर ठरलं. जे सोयीचं असेल तेव्हा सांगतात आणि अवघड असेल तेव्हा गप्प बसतात, त्यांचं गप्प बसणं सगळ्यांना वाचता येतं.

म्हणून नियम असा ठेवा: ज्याला सांगायला काहीच हरकत नाही, त्यालाही सांगू नका. जिवलग मैत्रिणीला, तुमच्याच विचाराच्या मामाला, कुणालाच नाही. तुम्हाला स्वतःला लपवायची गरज नसेलही. पण तुमच्याच घरात एखादी वहिनी असेल, शेतावर कामाला येणारं जोडपं असेल, ज्यांना सांगणं परवडत नाही. तुम्ही बेधडक सांगत सुटलात की त्यांचं गप्प राहणं उघडं पडतं.

तिनं पुढच्या निवडणुकीला काय केलं ते ऐका. मतदानाच्या आठवडाभर आधी, राजकारणाचा विषयही नसताना, भाजी निवडता निवडता सासूबाईंना सांगून ठेवलं: ‘आई, मी मत कुणाला देते ते कुणालाच सांगत नाही, माहेरीसुद्धा नाही. त्या दिवशी विचारलंत तर मला वाईट वाटेल, म्हणून आधीच सांगते.’ हे ‘माहेरीसुद्धा नाही’ फार कामाला आलं. आणि रात्री सासऱ्यांनी विचारलं तेव्हा तिच्या आधी नवरा बोलला, ‘बाबा, यंदा मीही नाही सांगणार.’ दोघं गप्प राहिल्यावर कुणाच्या गप्प राहण्याला काही अर्थ लावता येईना. घरातल्या ज्या माणसाला सांगायची भीती नाही, त्यानं आधी गप्प बसायचं असतं. नवऱ्यांनो, दिरांनो, हे तुमच्यासाठी आहे.

मग उत्तर काय द्यायचं? छोटं द्या, हसून द्या आणि लगेच दुसरं काही विचारा. ‘दिलं बाई सकाळीच. तुमच्याकडं रांग होती का?’ मावशीला एवढं पुरतं. तिनं धरूनच ठेवलं तर, ‘मावशी, ते मी कुणालाच सांगत नाही गं. रागावू नकोस.’ कारणं देऊ नका. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. ‘सांगत नाही’ यावर वाद घालता येत नाही.

वडीलधाऱ्यांना कलम ९४ सुनावू नका. कायदा आपल्याला धीर यावा म्हणून माहीत असावा, आजोबांच्या तोंडावर मारायला नव्हे. त्यांना म्हणा, ‘आजोबा, मत विचार करून दिलं, एवढं नक्की.’ खरं तर त्यांना तेवढंच हवं असतं.

कामावरच्या साहेबांनी विचारलं तर आणखी मोजकं बोला: ‘हो सर, करून आलो.’ मतदानाची पगारी सुट्टी हा कलम १३५-ब नं दिलेला हक्क आहे, त्याच्या बदल्यात काही सांगायचं देणं नाही. केंद्राबाहेर कागद-पेन घेऊन एखादा पाहणीवाला उभा असतो, त्यालाही नमस्कार करून पुढं जाता येतं. आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ‘मत कुणाला?’ असा पोल टाकला तर त्याला हातही लावू नका. तिथं कुणी कशावर टिचकी मारली ते सहसा नावासकट दिसतं, आणि स्क्रीनशॉट वर्षानुवर्षं राहतो.

खोटं सांगावं का? ‘तुम्हालाच दिलं’ म्हणून प्रत्येकाला खूश करावं, असं पुष्कळ अनुभवी माणसं शिकवतात. मला ते पटत नाही. एक म्हणजे पुढच्या वेळी तो तुमचं घर धरूनच चालतो. दुसरं, केंद्राचा आकडा कमी निघाला की ज्यांनी ज्यांनी हो म्हटलं होतं त्या सगळ्यांवर संशय जातो. ‘सांगत नाही’ म्हणणाऱ्यावर निदान खोटेपणाचा शिक्का बसत नाही. पण जिथं मारहाणीची भीती आहे, मजुरी तुटेल, घर खाली करायला लावतील, तिथं जीव आणि पोट आधी. तिथं जे बोलून सुटका होईल ते बोला. त्याचा दोष विचारणाऱ्याच्या माथी आहे, तुमच्या नाही.

सहावी पायरी: निकालानंतर

गुलाल उधळला जातो तेव्हा घरातच राहिलेलं बरं. हरलेल्या बाजूची माणसं त्या रात्री हिशेब करत बसतात आणि एकेका घराचं नाव घेतात. त्या आठवड्यात कुणी खोदून विचारलं तर तेच उत्तर, त्याच आवाजात. आता निकाल लागलाय, आता सांगायला काय हरकत, या बोलण्याला फसू नका. पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक आहे.

पण टोमणा आणि धमकी यांत फरक करा. टोमणा सोसून सोडून देता येतो. पाण्याचा नळ तोडू, कार्याला बोलावणार नाही, पंचांसमोर उभं करू, असं कुणी म्हणालं तर तारीख, वेळ, कोण काय म्हणालं आणि कुणासमोर, हे वहीत लिहून ठेवा. आचारसंहिता चालू असेल तर सी-व्हिजिल ॲपवर तक्रार करता येते, १९५० या क्रमांकावर फोन करता येतो. भारतीय न्याय संहितेत निवडणुकीत गैरवाजवी दबाव आणणाऱ्याला १ वर्षापर्यंत कैद आहे. आणि महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. पोलीस ठाण्यात एकट्यानं जाऊ नका, दोन माणसं सोबत न्या आणि अर्जाची पोच घ्या.

आणि शेवटची पायरी

आपणही विचारायचं नाही. सवयीनं तोंडातून निघून जातं, माझ्याही जायचं. त्याऐवजी विचारण्यासारखं खूप असतं. यादीत नाव पटकन सापडलं का? यंत्र मध्येच बंद पडलं होतं का? संध्याकाळी सहाला रांगेत उभ्या असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटतात, त्या वाटल्या का?

त्या शिक्षिकेच्या दिराची मुलगी मागच्या निवडणुकीला पहिल्यांदा मत देऊन आली. सासरे ओसरीवर चहा घेत बसले होते. तिनं बोट पुढं केलं. त्यांनी चष्मा वर करून शाई बघितली आणि विचारलं, ‘रांग होती का गं?’

‘होती ना. पाऊण तास उभी होते.’

‘बस मग,’ म्हणाले, आणि तिच्यासाठी आत चहा सांगितला.